कोंगोला साइड रिदम म्हणणे थांबवा

दादरच्या एका वर्गात तबला शिकलेल्या तरुणाने यापुढे व्यवसाय म्हणून कोंगो-बोंगोच, म्हणजे मूळचे क्यूबाचे हातढोल, वाजवायचे ठरवले आणि मुंबईतल्या आमच्या वादक मंडळींत जुना वाद पुन्हा पेटला. घरचा तबला सोडून परक्यांची वाद्ये कशाला, असे ज्येष्ठांचे म्हणणे, तर काम ज्याचे मिळेल ते वाजवावे, असे तरुणांचे. न्यूयॉर्कमध्ये याच वाद्यांवर संसार चालवणारा मुंबईकर म्हणून मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

परकेपणाचा मुद्दा तर मुंबईत टिकणाराच नाही. कावस लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी ही वाद्ये हिंदी चित्रपटगीतांत रुजवली त्याला अर्धशतक उलटून गेले, आणि राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात मारुतीराव कीर यांच्या तबल्याशेजारी ती गुण्यागोविंदाने नांदली. मला खंत आहे ती वेगळीच. मुंबईने या वाद्यांना कायम ‘साइड रिदम’, म्हणजे मुख्य तालवाद्याच्या जोडीची दुय्यम वाद्ये, मानले; तबल्यावर हात बसला की कोंगो आपोआप येतो, ही समजूत आजही घट्ट आहे.

ती चुकीची का, हे तुंबाव या कोंगोच्या मूळ ठेक्यात दिसते. डाव्या हाताची टाच आणि बोटे आळीपाळीने कातड्यावर टेकत राहतात, दुसऱ्या मात्रेवर उजव्या हाताचा स्लॅप, म्हणजे चापटीसारखा कडक ठोका, पडतो आणि चौथीवर लागोपाठ दोन खुले ठोके उमटतात, जे पुढच्या आवर्तनाकडे झेपावतात. पहिल्या मात्रेवर टाचेचा केवळ दबका स्पर्श असतो. बेसवादकही ती पुष्कळदा मोकळी सोडतो. समेवर वजन टाकायला शिकलेला हात इथे नेमका नको तिथे जोर देतो. शिवाय या साऱ्याखाली क्लावेचे, म्हणजे दोन लाकडी दांड्यांवर वाजणाऱ्या आधाराच्या ठेक्याचे, पाच ठोके असतात, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. चाल कोणत्या बाजूने सुरू झाली हे न ओळखता वाजवले, तर प्रत्येक मात्रा अचूक असूनही वादन उलटे पडते.

न्यूयॉर्कमध्ये मला कोणी माझ्या देशाबद्दल अडवले नाही, क्लावेबद्दल मात्र हटकून विचारले. उन्हाळ्यात रविवारी सेंट्रल पार्कच्या तळ्याकाठी रुंबा, म्हणजे ढोलांवरचा क्यूबन गाण्या-नाचाचा फड, रंगतो, तेव्हा नवख्याला आधी कोरसात गावे लागते, मग क्लावे धरावा लागतो; क्विंतो, म्हणजे बोलका उंच सुराचा ढोल, फार उशिरा हाती येतो. आपल्याकडे गुरूच्या मागे बसून तंबोरा धरण्याचीच ही रीत आहे, आणि ती मुंबईच्या कोंगोवादकाला कधी मिळाली नाही. अर्थात इथेही सुबत्ता नाही. लग्नांच्या पार्ट्या, नृत्यवर्गांची साथ आणि शिकवण्या यांवर महिना निभतो, आणि तिकडे मुंबईत ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याने जशी कामे खाल्ली तशीच इथे सॅम्पलने, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ठेक्यांच्या तुकड्यांनी, खाल्ली.

माहीमचे झाकीर हुसेन आणि पोर्तो रिकोचे कोंगोवादक जोव्हानी हिदाल्गो 1991च्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बममध्ये एकत्र आले, ते दोघेही आपापल्या वाद्याच्या मुळापर्यंत गेलेले होते म्हणून.

त्या तरुणाच्या ज्येष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे की त्याला तबला का सोडलास असे विचारू नये; क्लावेवर टाळी धरून गाऊन दाखवायला सांगावे, आणि ते जमत नसेल तर शिकायला वेळ द्यावा.