‘दांडिया बाजारचा एक बाप’ यांना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर कागद-पेन घेऊन हिशेब मांडायला बसले, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एक्केचाळिसाव्या वर्षी एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रे सोडणाऱ्या पिस्तुलाची नेमबाजी, शिकायला लागले, त्याबद्दलच्या माझ्या लेखात एक वाक्य होतं: "कुणीही सुरुवात करावी, खर्चाचा बाऊ करू नये." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या भाऊंची आठवीतली मुलगी ते वाचून हट्टाला पेटली. यांचं म्हणणं असं, की रायफल दोन-अडीच लाखांची, वर जॅकेट, वर परदेशी छर्रे, शिवाय लायसन्ससाठी पोलिसांकडे खेटे. हा राजेरजवाड्यांचा खेळ, आणि बँकेत पगार घेणारी बाई मध्यमवर्गीय आईबापांना भुलवते आहे. शेवटचं वाक्य मात्र मला आवडलं: "मुलीच्या हातात बंदूक देण्यापेक्षा मी तिला जुम्मादादाच्या आखाड्यात मलखांबाला घालेन."

घालाच. थट्टा करत नाही मी. माझं पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं आहे. ते एका हाताने, कोपर न वाकवता, सव्वा तासात साठ वेळा उचलायचं असतं, शिवाय त्याआधी सरावाचे शॉट. पाठ आणि पोट घट्ट नसेल तर चाळिसाव्या शॉटला खांदा बोलायला लागतो. मलखांबावर वर्षभर घालवलेली मुलगी आमच्या नेमबाजीच्या रेंजवर आली तर तिथे शिकवणारे आमचे सर तिला उचलून घेतील.

राजेरजवाड्यांचं म्हणाल, तर अर्धं खरं आहे. बिकानेरचे महाराजा करणीसिंह पाच ऑलिंपिक खेळले. पण ज्या संघटनेखाली तुमची मुलगी खेळेल, त्या नॅशनल रायफल असोसिएशनचे 1951 साली पहिले अध्यक्ष कोण होते? गणेश वासुदेव मावळंकर. मराठी वकील, पुढे लोकसभेचे पहिले सभापती, आणि जन्म 1888 चा, आपल्याच बडोद्यातला. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मोठी पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुलं रेंजवर सर्रास म्हणतात, "यंदा मावळंकर खेळायचंय", आणि निम्म्यांना वाटतं ते कुठल्यातरी गावाचं नाव आहे.

आता पैसे. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी घसरले. स्पर्धेची परदेशी रायफल दोन लाखांच्या वर जाते, हे खरं. तिच्याबरोबर जाड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, हेही खरं. मी लेखात हे गिळलं, कारण मी पिस्तूलवाली. पिस्तुलाला यातलं काही लागत नाही, सपाट तळाचे बूट पुरतात. पण पिस्तूलही एकदा स्वतःचं घ्यायचं म्हटलं की लाखाच्या घरात जातं. आणि खरा गळका नळ वेगळाच आहे. छर्ऱ्यांच्या डबीत पाचशे नग येतात. रोज शंभर मारले तर डबी पाच दिवसांत रिकामी. पिस्तूल एकदा घेता, डब्या घेतच राहता. हे कुणी सांगत नाही, मीही सांगितलं नव्हतं.

पण हा सगळा खर्च पहिल्या सहा महिन्यांतला नाही, आणि माझं भांडण नेमकं इथे आहे. तुम्ही शेवटच्या दुकानाचं बिल पहिल्या दिवशी मांडताय. त्या सहा महिन्यांत रेंजवरचं पिस्तूल वापरायचं, फी आणि छर्रे तेवढे भरायचे. बराचसा सराव तर छर्ऱ्याशिवायच होतो. घरी एक लिटरची बाटली पाण्याने भरायची, हात सरळ करून कोऱ्या भिंतीसमोर धरायची, वीस सेकंद, मग खाली. मी हे दोन महिने केलं. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "झाडांना घालायचं पाणी भिंतीला काय दाखवतेस?"

रायफलच हवी असेल तर शालेय स्पर्धांत ओपन साइट, म्हणजे साध्या उघड्या नेमाची, एअर रायफल हा वेगळा प्रकार असतो. नळी वाकवून शॉटसाठी तयार करायची साधी देशी रायफल त्यात चालते. शाळेत एनसीसी असेल तर तिथे आधी चौकशी करा. आणंदजवळच्या जितोडियाची लज्जा गोस्वामी एनसीसीतूनच पुढे आली आणि 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य घेऊन आली. म्हणून तुमची मुलगीही पदक आणेल, असं मी म्हणणार नाही. स्वप्निल कुसाळेचं उदाहरणही देणार नाही. पॅरिसनंतर ते सगळेच देतात, आणि पदकामागे सरकारी क्रीडा प्रबोधिनीतली किती वर्षं होती ते विसरतात.

लायसन्सचं लगेच मिटवते. 4.5 मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूल-रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्स लागत नाही, ओळखपत्र लागतं. पॉइंट टू-टू बोअरच्या, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीला लागतं, पण नवशिक्याचा त्याच्याशी संबंध नाही.

घाईत खरेदी केली की काय होतं, ते माझ्यावरून बघा. तिसऱ्या महिन्यात जरा बरे आकडे आले आणि मला वाटलं, आता अडतंय ते पिस्तुलामुळेच. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून सेकंडहँड घेतलं. फोनवर "मॅडम, एकदम नव्यासारखं". रेंजवर हवा भरायला दिलं, तर सरांनी पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर उलटा करून बारीक कोरलेली तारीख माझ्यासमोर धरली. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते, आणि माझ्याची उलटून दोन वर्षं झाली होती. दोनशे बार दाबाची हवा ते त्यात भरणार नव्हते. नवा सिलिंडर मागवला. तोवर कळलं की लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, माझ्या पंज्याला मोठी आहे. कानस घेऊन दोन रविवार गॅलरीत घासत बसले, एका जागी जास्त घासली गेली, मग तिथे लांबी (पुट्टी) भरली. आजही ती जागा अंगठ्याला लागते. सहा महिने थांबले असते तर हाताचं माप आधीच कळलं असतं.

राहिला हातात बंदूक देण्याचा मुद्दा. मागच्या महिन्यात एक नवा मुलगा चांगला शॉट लागला म्हणून पिस्तुलासकट आईकडे वळला, "मम्मी, जो!" (बघ!) पिस्तूल रिकामं होतं. सरांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, त्याला बाकावर बसवलं आणि दिवसभर एकही छर्रा मारू दिला नाही. नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यातून भगवी दोरी आरपार दिसल्याशिवाय इथे कुणी पेटीतून पिस्तूल उचलत नाही. "स्टॉप" ऐकलं की बोट ट्रिगरबाहेर, मग शॉट कितीही जमत आलेला असो. माझा धाकटा घरात रिमोट फेकतो, रेंजवर पेन्सिलसुद्धा हळू ठेवतो.

आणि यात मारामारीची खुमखुमी भागत असेल, असं वाटत असेल तर एकदा येऊन बघाच. दहा मीटरवरच्या कागदावर सहा सेंटिमीटरचं काळं वर्तुळ, त्याच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटरचा दहाचा गोल, शर्टाच्या बटणाएवढा. नवशिका काळ्याकडे टक लावून बघतो आणि शॉट सात गुणांच्या वर्तुळात जातो. आमचे सर मागून एकच सांगतात, "पांढऱ्यात धर." म्हणजे नेम काळ्याच्या खालच्या पांढऱ्या भागात, नजर नळीच्या टोकावरच्या फ्रंट साइटवर, आणि काळं धूसर होऊ द्यायचं. जे मारायचं त्याच्याकडे बघायचं नाही, हे पचायला मला पाच महिने लागले. कधीकधी नेम जमत नाही, तेव्हा न मारता हात खाली घ्यायचा असतो. ते त्याहून कठीण.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे. आता ते असं वाचा: "सहा महिने काही विकत घेऊ नका. त्यानंतरही मुलगी पहाटे स्वतःहून उठत असेल, तर पैशांचं बोलायला बसा." खाली खर्चाचा तक्ताही टाकला आहे, छर्ऱ्यांच्या डब्यांसकट.

रविवारी सकाळी मुलीला घेऊन या. सपाट बूट घाला म्हणावं, आणि केस बांधून. पत्ता तुम्हाला ईमेलवर कळवते. तुम्हीही दहा छर्रे मारून बघा. सेव-उसळ मात्र रेंजनंतर. त्या तर्रीने हात थरथरतो असं सर म्हणतात, आणि आमच्यातल्या कुणीही ते अजून मान्य केलेलं नाही.