कोर्टात समाजशास्त्राचं काय काम?

‘पुरावा म्हणजे साक्षीदार, कागदपत्रं आणि प्रयोगशाळेचा अहवाल. समाजशास्त्राचे अभ्यास ही नुसती मतं. ती हवी तशी जुळवता येतात, समूहाबद्दल बोलतात, आणि सांगतात ते शहाण्या माणसाला आधीच ठाऊक असतं. कोर्टाने त्यांना दारात उभं करू नये.’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. (समाजशास्त्र म्हणजे इथे माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणारी सगळी शास्त्रं, मानसशास्त्रसुद्धा.) तो बिनबुडाचा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

आधी ‘नुसती मतं’ हा मुद्दा, कारण तो मोठमोठी माणसंही बोलतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या मतदारसंघ रचनेवरच्या खटल्यात २०१७ साली सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी भर सुनावणीत समोरच्या मोजमापाला ‘सोशिओलॉजिकल गॉबल्डीगूक’ म्हटलं. समाजशास्त्रीय भाषेतली अगम्य बडबड, असा त्याचा रोख. काय होतं ते मोजमाप? हरलेल्या उमेदवाराची सगळी मतं आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्त मतं वाया गेली असं धरायचं, दोन्ही पक्षांच्या वाया गेलेल्या मतांतला फरक काढायचा आणि त्याला एकूण मतांनी भागायचं. बस. त्या राज्यात २०१२ साली रिपब्लिकन पक्षाला ४८.६ टक्के मतांवर ९९ पैकी ६० जागा मिळाल्या होत्या. या मोजमापावर घेण्यासारखे आक्षेप आहेत, पण ते अगम्य आहे हा त्यातला नाही.

‘शहाण्या माणसाला आधीच ठाऊक असतं’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. कॅनडातल्या मॅनिटोबामध्ये १९८६ साली एका स्त्रीने खोलीतून बाहेर पडणाऱ्या जोडीदाराच्या डोक्यात मागून गोळी झाडली. तो तिला वर्षानुवर्षं मारत आला होता, आणि त्या रात्री ‘तू मला ठार मारलं नाहीस तर मी तुला ठार मारेन’ असं बजावून वळला होता. पाठमोऱ्या माणसापासून कसला स्वसंरक्षणाचा धोका? इतका मार खात होती तर सोडून का गेली नाही? शहाणपण हेच विचारतं. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांच्या मनावर काय परिणाम होतो, पुढचा हल्ला कधी होणार हे त्यांना कसं कळतं आणि घर सोडणं का जमत नाही, हे एका मानसोपचारतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं. ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि १९९० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीचा निकाल पुन्हा कायम केला. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी निकालपत्रात मांडलेला मुद्दा असा, की या विषयात सामान्य माणसाचं ‘ठाऊक असणं’ हेच मुळात गैरसमजांनी भरलेलं असतं, म्हणून तज्ज्ञ लागतो.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचंही तेच. छातीठोकपणे ओळख पटवणाऱ्यावर आपण सगळेच विश्वास ठेवतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या हेंडरसन निकालाआधी याची खास सुनावणी घेतली: सात तज्ज्ञ, दोन हजारांहून जास्त पानांची नोंद, शेकडो अभ्यास. ओळख परेड घेणारा पोलीस संशयित कोण हे जाणत असेल, ‘बरोबर ओळखलंत’ असं सहज बोलून जात असेल, तर साक्षीदाराचा आत्मविश्वास वाढतो. ओळख मात्र अचूक होत नाही. त्यानंतर तिथे ज्युरीला द्यायच्या सूचना बदलल्या. डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांत चुकीची ओळख हे वारंवार सापडलेलं कारण आहे. ही माणसं शहाणपणाच्याच भरवशावर तुरुंगात गेली होती.

आता ‘हवी तशी जुळवता येतात’. हो, येतात. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातलंच आहे. लैंगिक गुन्हेगारांपैकी ज्यांच्यावर उपचार झालेले नाहीत, त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज २००२ साली न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालपत्रात आला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालात हा धोका ‘भयावह आणि मोठा’ असल्याचं त्यांनी पुन्हा लिहिलं आणि खालची न्यायालयं ते शब्द उद्धृत करत राहिली. आकडा आला कुठून? सरकारच्या लेखी निवेदनातून. तिथे तो न्याय खात्याच्या १९८८ च्या एका पुस्तिकेतून आला, आणि पुस्तिकेत १९८६ साली एका लोकप्रिय मानसशास्त्र मासिकात छापलेल्या लेखातून. तो लेख तुरुंगात उपचार कार्यक्रम चालवणाऱ्यांनी लिहिला होता. त्यात ते एक वाक्य होतं. खाली अभ्यास, नमुना, आकडेवारी काहीही नव्हतं. अमेरिकी न्याय खात्याच्याच सांख्यिकी विभागाने १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ लैंगिक गुन्हेगारांचा माग काढला, तेव्हा तीन वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेले ५.३ टक्के निघाले. अटकेच्या आकड्यात न नोंदलेले गुन्हे येत नाहीत आणि तीन वर्षं हा थोडा काळ आहे, हे मान्य. तरीही ८० कुठे आणि ५.३ कुठे!

हा आकडा साक्षीच्या पिंजऱ्यातून आला नव्हता, हे मात्र नीट पाहा. तो मांडणाऱ्या कुणाचीही उलटतपासणी झाली नाही. ‘नमुना किती? मोजलं कसं? पैसे कुणी दिले?’ एवढे तीन प्रश्न एखाद्या नवख्या वकिलाने विचारले असते तरी तो तिथेच कोसळला असता. म्हणजे अभ्यासांना दार बंद केल्याने वाईट अभ्यास थांबत नाहीत. ते निवेदनांतून आणि तळटीपांतून आत येतात, आणि मग त्यांना कुणी जाब विचारत नाही. १९९३ च्या डॉबर्ट निकालाने अमेरिकी संघीय न्यायालयांना तज्ज्ञाची पद्धत पारखायला लावलं: ती तपासता येते का, इतर अभ्यासकांनी छाननी केली का, चुकांचं प्रमाण किती. १९९९ मध्ये ही पारख सगळ्या प्रकारच्या तज्ज्ञांना लागू झाली. हीच कसोटी सगळीकडे हवी.

समूहाचा मुद्दा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. शंभरांपैकी सत्तर जण चुकतात म्हणून हा साक्षीदार चुकला, असं सिद्ध होत नाही. कोणताही जबाबदार तज्ज्ञ तसं म्हणत नाही. कशामुळे ओळख कमकुवत होते एवढं तो सांगतो, बाकी काम न्यायालयाचं. पण हाच आक्षेप ताणला की काय होतं ते अमेरिकेत, गोऱ्या पोलिसाच्या खुनासाठी मृत्युदंड झालेल्या मॅक्लेस्की या काळ्या आरोपीच्या खटल्यात दिसलं. जॉर्जियातल्या खुनाच्या दोन हजारांहून जास्त प्रकरणांचा डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. इतर घटक जमेस धरूनही, बळी गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता काळ्या बळीच्या तुलनेत ४.३ पट भरत होती. अभ्यास खरा धरला तरी या आरोपीशी भेदभाव झाल्याचं त्यातून सिद्ध होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला म्हणाले की संधी मिळाली तर त्या खटल्यातलं मत आपण बदलू. मॅक्लेस्कीला १९९१ साली मृत्युदंड दिला गेला.

राहिला कायद्याचा प्रश्न. आपल्याकडच्या जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञाच्या मतासाठी परकीय कायदा, विज्ञान, कला आणि हस्ताक्षर-बोटांचे ठसे अशीच क्षेत्रं होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘अन्य कोणतंही क्षेत्र’ हे शब्द आले आहेत. दार उघडलं आहे. आता अभ्यास दाखल करणाऱ्याने मूळ आकडेवारी आणि निधीचा स्रोत दोन्ही बाजूंना द्यावा, आणि ज्या आरोपीला तज्ज्ञ परवडत नाही त्याला तो न्यायालयाने मिळवून द्यावा.