कायद्यात काय बदललं ते दाखवा ना!

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. बाबांचा साताऱ्याहून फोन आला, "अरे विधानसभेत घोषणा झालीये, तुकडेबंदी शिथिल करणार म्हणे, आपल्या तीन गुंठ्यांचं काय होतंय ते जरा बघ नेटवर." ती जागा बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी घेतली, पैसे दिले, कुंपण घातलं, दोन आंब्याची झाडं लावली, पण सातबाऱ्यावर नाव काही लागलं नाही कारण शेतजमिनीचे ठरावीक मर्यादेपेक्षा लहान तुकडे विकू न देणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा आला. महाराष्ट्रात अशी लाखो कुटुंबं असतील. मी म्हटलं बघतो, तासाभराचं काम.

चार रात्री गेल्या.

मूळ कायदा एका ठिकाणी स्कॅन करून ठेवलेला, २०१७ ची दुरुस्ती (बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरली की व्यवहार नियमित) वेगळ्या राजपत्रात, मग ते २५ चे ५ टक्के झाले त्याचा अध्यादेश तिसरीकडे, आणि जुलैची घोषणा म्हणजे नुसती घोषणा, मजकूर अजून यायचाच होता. त्यात काही पीडीएफ जुन्या फॉन्टमधले, एक ओळ कॉपी करून पेस्ट केली की अगम्य चिन्हं येतात, म्हणजे सर्च पण करता येत नाही. आणि दुरुस्तीची भाषा तर तुम्हाला माहितीच असेल, अमुक पोट-कलमातील तमुक मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल, अमुक परंतुक वगळण्यात येईल. मूळ कायदा शेजारी उघडून बसल्याशिवाय यातून काहीही कळत नाही, वकिलाला पण नाही.

मी मेरीलँडमध्ये राहतो. इथलं विधिमंडळ अ‍ॅनापोलिसला, वॉशिंग्टनपासून तासाभरावर, दर जानेवारीत ९० दिवसांचं अधिवेशन, अडीच हजाराच्या आसपास बिलं येतात. आमच्या टाउनहाऊस सोसायटीवर परिणाम होईल असं एक बिल आलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या साइटवर गेलो. बिल उघडलं तर पहिल्याच पानावर तळाला खुलासा होता: कॅपिटल अक्षरांतला मजकूर म्हणजे कायद्यात नव्याने घातलेला, चौकटी कंसातला म्हणजे काढून टाकलेला. पुढे बिलातच दुरुस्त्या झाल्या की नवीन शब्दांखाली रेघ आणि गाळलेल्या शब्दांवर काट. बस, एवढंच! जुना कायदा आणि नवा कायदा एकाच पानावर, ज्याला वाचता येतं त्याला कळतो. ही छपाईची साधी रीत आहे, हिला कसलं एआय लागत नाही. सोबत प्रत्येक बिलाची एक टिपण असते, आत्ताचा कायदा काय, बदल काय, सरकारी तिजोरीवर बोजा किती, आणि ती आमदारांची नाही तर विधिमंडळाच्याच कर्मचाऱ्यांची. मी इथला नागरिक नाही, मत देऊ शकत नाही, तरी मी अकाउंट काढून माझं लेखी म्हणणं अपलोड केलं आणि ते त्या बिलाच्या पानावर बाकीच्यांच्या म्हणण्यासोबत सगळ्यांना दिसत होतं.

हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं तर चुलतभावाचं उत्तर आलं की अरे आपल्याकडे पण सगळं बदलतंय, ई-विधान म्हणजे विधानसभेचं डिजिटल कामकाज आलंय, आमदारांपुढे टॅब येणार, पेपरलेस होणार, तिकडे बसून कशाला नावं ठेवतोस. त्याचा राग मला कळतो. आणि पेपरलेस वाईट नाहीच, हिमाचलने २०१४ मध्येच ते करून दाखवलं, नागालँडने २०२२ मध्ये 'नेवा' या देशभरातल्या विधिमंडळांसाठीच्या सामाईक ॲपवर कामकाज नेलं. पण टॅब आमदाराच्या हातात असतो. माझे बाबा ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या हातात काय येतं हा माझा प्रश्न आहे, आणि तो अमेरिकेत राहतो म्हणून नाही तर त्या तीन गुंठ्यांमुळे पडलाय.

अमेरिकेचं सगळं उचलून आणा असं पण मी म्हणत नाहीये. इथेही हे सहज झालं नाही. काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, बिलं 'थॉमस' नावाच्या साइटवर १९९५ ला आली पण डेटा म्हणून सरळ मिळायची सोय नव्हती, मग २००४ मध्ये जोशुआ टॉबरर नावाच्या तरुणाने ती पानं प्रोग्रामने खरवडून गव्हट्रॅक ही साइट उभी केली, लोक वर्षानुवर्षं तीच वापरत होते, आणि काँग्रेसच्या अधिकृत साइटचं एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट डेटा घेता येण्याची सोय, यायला २०२२ उजाडलं. सत्तावीस वर्षं! त्याच २०२२ मध्ये बिलामुळे चालू कायदा कसा बदलेल हे शेजारी-शेजारी दाखवणारं टूल इथल्या हाऊसच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कर्मचाऱ्यांना मिळालं. आणि डेटा असूनही काय होतं ते बघा, डिसेंबर २०२० मध्ये ५,५९३ पानांचं बिल ज्या दिवशी समोर आलं त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत पास झालं. वाचायला वेळच नसेल तर डेटा कितीही सुंदर स्वरूपात द्या, उपयोग काय?

म्हणूनच मला आपल्याकडची एक मागणी थोडी चुकीच्या टोकाची वाटते, की आमदार-खासदारांनी कुणी कसं मत दिलं त्याचा डॅशबोर्ड करा. करा जरूर. पण १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, निघाला की त्याविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, आणि बरीचशी विधेयकं आवाजी मतदानाने होतात, मग त्या डॅशबोर्डवर दिसणार काय? आपल्याकडे खरी हालचाल मतदानाच्या आधी होते, मसुद्यात, समितीत. नक्षलवादी कारवाया रोखायला म्हणून महाराष्ट्रात आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचंच घ्या. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि 'व्यक्ती आणि संघटना' या शब्दांच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख आला, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढला. त्या विधेयकाबद्दल तुमचं मत काहीही असो, हे बदल शब्दांचे आहेत आणि शब्दांवरच कुणाला अटक होणार की नाही ते ठरतं. कुठला शब्द कुठल्या टप्प्यावर बदलला आणि आपण पाठवलेल्या सूचनेचं काय झालं, हे सूचना पाठवणाऱ्या प्रत्येकाला घरबसल्या दिसायला हवं.

आणि मराठीत दिसायला हवं. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे राज्याने कायदा मराठीत केला तरी राजपत्रात छापलेला इंग्रजी अनुवादच अधिकृत मानला जातो. ते कोर्टापुरतं असू दे, पण वाचणारा माणूस मराठी आहे. देवनागरीत कॅपिटल नाहीत, ठीक आहे, ठळक करा, काट मारा, लाल-हिरवा रंग द्या. युनिकोडमध्ये द्या म्हणजे सर्च होईल, आंधळ्या माणसाला स्क्रीन रीडरवर ऐकता येईल. केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवा. तेवढे दिवस आणि असा एक कागद, मला यापेक्षा जास्त काही नकोय.

शेवटी आम्ही काय केलं, तर मी सगळे तुकडे गोळा करून बाबांना पाठवले आणि त्यांनी प्रिंट काढून लाल पेनने काट मारत, निळ्या पेनने घालत, तुकडेबंदीचं ते कलम आजच्या रूपात वहीत उतरवलं. पेपर तपासायची जुनी सवय. ती वही आता गल्लीत फिरतेय, चार जणांनी झेरॉक्स काढल्या. मी तिच्या दोन पानांचे फोटो आमच्या आमदारांना मेल केले, खाली लिहिलं की विधिमंडळाच्या साइटवर प्रत्येक दुरुस्ती विधेयकासोबत असं पान मिळावं म्हणून सभागृहात एकदा विचाराल का. अजून उत्तर नाही. पुढच्या अधिवेशनाआधी परत पाठवणार आहे, या वेळी बाबांच्या सहीने.