सेहवागला जुगारी म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

सेहवागवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. इतरांच्या नजरेतून ती सुटली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सरांचं म्हणणं असं: सेहवाग कसोटीत फलंदाजी करत नव्हता, जुगार खेळत होता, लागला तर लागला. मेलबर्नला 195 वर षटकार मारायला गेला आणि सामना घालवून बसला. दुसऱ्या डावात त्याची सरासरी जेमतेम तिशीची. इंग्लंड, न्यूझीलंडमध्ये तर बोलायलाच नको. आणि शेवटी माझ्यासाठी खास: "बाळ, मोबाइलवर सिक्सर बघून कसोटी कळत नसते. दिलीप सरदेसाईंच्या गोव्यात राहून असलं लिहिताना थोडी लाज वाटू दे."

मत वेगळं असण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या घरातच सेहवागला नावं ठेवणारी माणसं आहेत आणि त्यांच्याबरोबर मी रोज जेवतो. पण ओळखदेख नसताना एकदम अरेतुरे? तुम्ही निवृत्त शिक्षक आहात, असं तुम्हीच लिहिलंय. वर्गात तुम्ही मुलांशी कसं बोलत होता मला ठाऊक नाही, पण इथे कुणी तुमचा विद्यार्थी नाही. माझेही केस पिकलेत. गावसकर खेळत होते तेव्हा मोबाइल नव्हता, सर. फोंड्याजवळच्या आमच्या गावात भातकापणी झाली की शेतातच खेळ सुरू व्हायचा, बांधावर कुणाचा तरी ट्रान्झिस्टर असायचा आणि कॉमेंट्रीत विकेट पडली की इकडे आमचा बोलर अर्ध्या रनअपमध्ये थांबायचा. मी कसोटी तिथे शिकलो. सिक्सर बघून नाही, एकेक षटक कानाने मोजून.

आणि खेळलोही आहे. तालुक्याच्या मॅचेसमध्ये मॅटिंगवर, म्हणजे जमिनीवर खिळ्यांनी ठोकलेल्या चटईच्या विकेटवर, सलामीला जायचो. मॅटिंग ज्याने खेळलंय त्याला कळेल मी काय म्हणतोय ते. खिळे नीट ठोकलेले नसले की एका बाजूची कड सैल राहते, चेंडू नेमका तिथे पडला की छातीवर येतो, आणि दोनच चेंडूंनंतर तशाच टप्प्यावरचा खाली राहतो. एकदा अशा विकेटवर वास्कोकडच्या एका उंच पोराचा चेंडू माझ्या अंगठ्यावर बसला. नख काळं पडलं, तो भाग वेगळा. पण त्यानंतर माझ्या हातांचं काय झालं ते सांगतो. मुठी आपोआप आवळल्या गेल्या. बॅटचं हँडल इतकं घट्ट धरलं की पुढचा ओव्हरपिच चेंडू, जो कुणीही मिडऑफला ढकलेल, तो माझ्या बॅटला लागून जागीच मेला. भीती पायात येते असं लोक म्हणतात. ती आधी हातात येते. म्हणून ज्याच्या हातात ती कधीच आली नाही, त्या माणसाबद्दल मला काय वाटतं हे सांगायचा थोडा अधिकार मला आहे.

आता तुमचा तो जुगार.

जुगाऱ्याच्या हातात काही नसतं, पत्ता कुठला येणार ते त्याला माहीत नसतं. सेहवागला चेंडू दिसत होता, आणि इतरांपेक्षा लवकर दिसत होता. त्याचे पाय हलत नाहीत म्हणून हसणारे पुष्कळ होते. तुम्हीही असाल. पण त्याचं डोकं बघा. चेंडू हातातून सुटतो तेव्हा आणि बॅटवर येतो तेव्हा ते जवळजवळ जागचं हलत नाही. लेगस्टंपच्या बाजूला किंचित राहायचं, ऑफला हात मोकळे ठेवायचे, आणि टप्पा जरा आखूड किंवा थोडी रुंदी मिळाली की पॉइंटच्या दिशेने किंवा स्लिपच्या डोक्यावरून. गोलंदाजाने तोच चेंडू सुनील गावसकरांना टाकला असता तर त्यांनी सोडला असता, तेही बरोबरच होतं. दोघांनी चेंडू सारखाच वाचला, फक्त निर्णय वेगळा घेतला. याला तुम्ही जुगार कसं म्हणता? जुगार खेळून 104 कसोटींत 49.34 ची सरासरी राहते? जुगारात सहा वेळा दोनशेच्या पुढे जाता येतं, त्यातले दोनदा तीनशेच्याही? मुलतानला पाकिस्तानविरुद्ध 309, चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 319. त्या 319 मध्ये पहिल्या तीनशे धावा 278 चेंडूंत आल्या. इतका वेळ नशीब कुणाच्या मागे उभं राहत नाही.

आणि कसोटीत वेगाने धावा करणं म्हणजे नुसती करमणूक, हा समज मला सर्वांत जास्त खुपतो. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात, वीस बळींना वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी आधी कमावून द्यावा लागतो. सेहवाग दर शंभर चेंडूंमागे 82 धावा करायचा, म्हणजे आपल्या गोलंदाजांच्या हातात जादा षटकं ठेवायचा. द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण मागे होते म्हणून त्याला हे परवडलं, असं कुणी म्हणेल. मला उलटं दिसतं. तो पुढे गेला की समोरचा कर्णधार दुसऱ्या तासातच सीमेवर माणसं पाठवायचा, आणि मागून येणाऱ्यांना एकेक धाव फुकट मिळायची.

डिसेंबर 2008 मधली चेन्नई आठवते का? मुंबईवरच्या हल्ल्यानंतर इंग्लंडचा संघ मायदेशी गेला आणि पुन्हा आला, ती कसोटी. चौथ्या डावात 387 हव्या होत्या. भारतात त्याआधी एवढा पाठलाग कुणी केला नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी सेहवागने 68 चेंडूंत 83 काढल्या. दिवस संपला तेव्हा भारत 1 बाद 131. दुसऱ्या दिवशी सचिनने नाबाद शतक ठोकलं, युवराज शेवटपर्यंत त्याच्याबरोबर होता, आणि आपण जिंकलो. शतक सचिनचं, पण सामनावीर सेहवाग. निवड करणाऱ्यांनाही बहुधा मोबाइलवर सिक्सर बघायची सवय असावी, असं आता तुम्ही म्हणू नका म्हणजे झालं. भारताचा हा दुसराच डाव होता, सर. ॲडलेडला जानेवारी 2008 मध्ये सामना वाचवताना काढलेल्या 151 याही दुसऱ्याच डावातल्या. तिशीच्या सरासरीवर एवढंच पुरे.

इंग्लंड आणि न्यूझीलंडमधल्या आकड्यांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. तिथे चेंडू हवेत वळतो, खेळपट्टीवरही हलतो, आणि तिथे तो कमी पडला. 2011 मध्ये बर्मिंगहॅमला दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर गेला. हे कुणी लपवत नाही, मीही नाही.

मेलबर्नबद्दल तुम्ही एका ओळीत निकाल लावलात. 2003 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, एका दिवसात 195 काढणारा सलामीवीर सामना घालवतो? बाकीच्या दहांनी मिळून किती केल्या? डाव 366 वर संपला, आता वजाबाकी तुम्ही करा. तीनच महिन्यांनी मुलतानला तीनशेच्या उंबरठ्यावर असताना त्याने सकलैन मुश्ताकला षटकारच मारला, आणि तिथे तो हिरो ठरला. फटका मारायची वृत्ती तीच होती. मेलबर्नला तिला शिव्या द्यायच्या आणि मुलतानला फटाके वाजवायचे, हे मला जमत नाही. तो एकाच तत्त्वाने दोन्हीकडे खेळला, आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे तो याचसाठी.

राहता राहिले सरदेसाई. मडगावात जन्मलेला हा माणूस 1971 मध्ये किंग्स्टनला भारत 5 बाद 75 असताना उभा राहिला आणि 212 करून आला. सोलकरबरोबरची ती भागीदारी आमच्या वडिलांना तोंडपाठ होती. त्या मालिकेत त्यांनी 642 धावा केल्या. त्यांचं नाव घेऊन तुम्ही मला लाज वाटून घ्यायला सांगता? सरदेसाई आवडणं आणि सेहवाग आवडणं यात भांडण कुठलं? वेस्ट इंडीजमध्ये जाऊन न डगमगता उभं राहणं हीसुद्धा निर्भयताच होती. सरदेसाई गोव्याचे आहेत, तुमच्या एकट्याचे नाहीत. त्यांची काठी करून दुसऱ्याच्या डोक्यात घालू नका, एवढी विनंती.

शेवटचं. तुम्ही लेख पुरता वाचला असता तर गॉलचा परिच्छेद तुमच्या नजरेला पडला असता. नसेल पडला, तर इथे वाचा. 2008, श्रीलंका. आधीची कसोटी आपण डावाने हरलो होतो. त्यांचा फिरकी गोलंदाज अजंता मेंडिस कुणालाच उमगत नव्हता, दुसऱ्या टोकाला मुरलीधरन. भारताच्या 329 मध्ये सेहवाग नाबाद 201. त्याच्यानंतरचा मोठा आकडा गंभीरचा 56. सलामीला जाऊन तो शेवटपर्यंत टिकला, आणि तो सामना आपण 170 धावांनी जिंकला. त्या डावात 199 वर असताना हातातली एक धाव त्याने नाकारली, कारण समोर इशांत शर्मा होता आणि त्याला फिरकीसमोर उघडं पाडायचं नव्हतं. द्विशतकाला एक धाव हवी असताना जुगारी माणूस ती का सोडेल, याचं उत्तर आधी लिहा. मग सरासरीवर बोलू, आणि बोलताना मला अहो-जाहो करा.