स्टेनलेसचा चाकू 'कधीच गंजत नाही'?

अंतूर, वेताळवाडी या किल्ल्यांवर जाणाऱ्या ट्रेकर मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'घडीचा चाकू स्टेनलेसचाच घ्या, कधीच गंजत नाही.' हे खरं नाही. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे गंज उशिरा चढतो, एवढंच. मीठ-लिंबू लावलेली काकडी कापून चाकू तसाच मिटला, की खारट ओल खिळीपाशी (पातं जिच्यावर फिरतं तिथे) अडकते आणि पात्यावर बारीक खड्डे पडतात. धुवून पुसा, उघडाच वाळवा, खिळीत तेलाचा एक थेंब सोडा.

खरं तर पोलादाआधी लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ, बघा. पातं उघडलं की लॉकची पट्टी त्याच्या बुडामागे नीट बसली पाहिजे. खाचेत काळी माती भरली तर पट्टी अर्ध्यातच अडते, आणि जोर लावताना पातं थेट बोटांवर मिटतं. पातं ७-८ सेंमीचं पुरे; त्याहून मोठं नुसतं मिरवायला.