दहशतवादविरोधी कायद्याचा अभ्यासक अतिरेक्यांचा माणूस नसतो

ॲडमिशनच्या दिवसांत गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘मुलांना दहशतवाद आणि सुरक्षा कायद्याच्या अभ्यासात घालू नका. हे प्राध्यापक अतिरेक्यांना सोडवायच्या वाटा शोधतात. शांत गोव्यात या कायद्याचं काय काम? आणि त्यात पोटही भरत नाही.’ कायदा शिकवणारी म्हणून मला तो इतक्यांनी पाठवला की उत्तर देणं भाग आहे.

पहिला आरोप सगळ्यांत वाईट. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली 90 दिवसांत आरोपपत्र झालं नाही, तर कोठडी 180 दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. पण त्यासाठी सरकारी वकिलाला स्वतःचा अहवाल द्यावा लागतो: तपास कुठवर आला, आणि या माणसाला आणखी आत ठेवण्याची नेमकी कारणं कोणती. तपास अधिकाऱ्याचं पत्र नुसतं पुढे सरकवून भागत नाही. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यामध्येही अशीच तरतूद होती, आणि 1994 साली हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सरकारी वकील म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे. अहवाल कच्चा निघाला तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही भयंकर असो. 2024 मध्ये यूएपीएखाली अटक झालेले पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात अटकेची कारणं लेखी दिली नव्हती, म्हणून अटकच बेकायदा ठरली. अशा कच्च्या जागा आधीच दाखवून देणाऱ्याचा उपयोग पोलिसांना होतो आणि निरपराधालाही होतो. ज्यांचं माणूस स्फोटात गेलं त्यांना तर सर्वांत जास्त.

फिनूला नी इलॉन या आयरिश कायदा प्राध्यापिकेचं उदाहरण घ्या. दहशतवादविरोध आणि मानवी हक्क या विषयावर त्या 2017 ते 2023 संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक, म्हणजे परिस्थिती तपासून अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ, होत्या. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेने दहशतवादाच्या संशयितांना जिथे ठेवलं, त्या ग्वांतानामोच्या तुरुंगाची पाहणी करायला त्या गेल्या. त्यांच्या अहवालात 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या पीडितांच्या हक्कांना मानाची जागा आहे, आणि कैद्यांचा छळ हा त्या पीडितांचा विश्वासघात असल्याचं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. छळामुळे खटलेच अडकून पडले आणि मृतांच्या घरच्यांना न्याय मिळेना. ही अतिरेक्यांची बाजू कशी?

आता गोव्याचं. 16 ऑक्टोबर 2009, नरकासुरांची रात्र, मडगाव. स्कूटरमध्ये स्फोट झाला, दोघे मेले. तपास एनआयए या राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. सहा जणांवर खटला चालला आणि 31 डिसेंबर 2013 रोजी विशेष न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या निकालावर तावातावाने बोलणारे खूप भेटतात. पुरावा कुठे तोकडा पडला हे निकालपत्र उघडून शांतपणे सांगणारे मला फार कमी भेटलेत, आणि ते काम अभ्यासकाचं आहे. तो खटला आपल्या दारातला आहे.

दहशतवाद म्हणजे नेमकं काय, यावर जगाचं अजून एकमत नाही. त्यासाठीच्या सर्वंकष कराराचा मसुदा भारतानेच 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. तो अडलाय मुख्यतः व्याख्येवर. 2016 मध्ये बाणावलीला ब्रिक्सची परिषद झाली, तिच्या ‘गोवा जाहीरनाम्या’तही हा करार लवकर व्हावा असं आवाहन आहे. व्याख्येचा प्रश्न गोंयकाराला तर समजायलाच हवा. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे मुक्तिलढ्यात उतरले; त्यांना पोर्तुगीजांनी 1955 मध्ये पकडून 26 वर्षांची शिक्षा दिली. गोवा मुक्त झाला तरी त्यांची सुटका 1969 मध्ये झाली. पोर्तुगालच्या लेखी गुन्हेगार असलेल्या या माणसाला आपण 2001 मध्ये पद्मश्री दिली.

पोटाचं म्हणाल, तर त्यात थोडं तथ्य आहे. एलएलबी, एलएलएम, नेट, पीएचडी ही वाट लांबची, आणि विशेष प्रतिवेदकाच्या पदाला तर पगारच नसतो. पण आज त्या पदावर असलेले बेन सॉल सिडनी विद्यापीठात प्राध्यापक आहेत. घर नोकरीवर चालतं. मिरामार आणि मडगावच्या लॉ कॉलेजांतही फौजदारी कायदा शिकवायला माणसं लागतातच. शिवाय 1 जुलै 2024 पासून दहशतवादी कृत्य हा नेहमीच्या फौजदारी कायद्यातला गुन्हा झाला आहे: भारतीय न्याय संहिता, कलम 113. गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवणार. कशाच्या आधारावर ठरवायचं, हे त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही.