तक्रारी वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले? अमेरिकी सैन्यातल्या आकड्यांचा घोळ

"अमेरिकी सैन्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी २०१२ मध्ये ३,३७४ होत्या, २०१४ मध्ये ६,१३१ झाल्या. दोन वर्षांत अत्याचार जवळपास दुप्पट! सर्वेक्षणांचे आकडे तर निव्वळ अंदाजपंचे, कारण ३० टक्के लोकच उत्तर देतात. आणि हा प्रश्न मुळात स्त्रियांचा." हा मजकूर बराच फिरतो. त्यातले आकडे खरे आहेत, निष्कर्ष एकही टिकत नाही.

"तक्रारी दुप्पट म्हणजे अत्याचार दुप्पट"

तक्रार ज्या वर्षी नोंदवली जाते, त्या वर्षात मोजली जाते. घटना आधीची असू शकते, अगदी भरतीपूर्वीचीसुद्धा. सैनिकाविरुद्ध नागरिकाने केलेली तक्रारही याच बेरजेत येते. शिवाय २००५ पासून तक्रारीचे दोन मार्ग आहेत. खुल्या तक्रारीवर तपास होतो. गोपनीय तक्रारीत उपचार आणि मदत मिळते, पण तपास होत नाही आणि वरिष्ठांना नाव कळत नाही. म्हणजे यंत्रणेवरचा विश्वास वाढला, तरी आकडा चढतो.

मग अत्याचार खरंच वाढले का? याचं उत्तर २०१४ च्या सर्वेक्षणात आहे. ते रँड या संशोधन संस्थेने केलं आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काही सैनिकांना २०१२ चीच जुनी प्रश्नावली दिली, बाकीच्यांना नवी. जुन्या प्रश्नावलीवर वर्षभरात अत्याचार झालेल्या सैनिकांचा २०१२ चा अंदाज होता सुमारे २६,०००. २०१४ चा आला सुमारे १८,९००. स्त्रियांमधलं प्रमाण ६.१ टक्क्यांवरून ४.३ वर उतरलं. पुरुषांमधली घट इतकी लहान होती की ती नमुन्यातल्या चढउतारात मोडते. तक्रारी चढत होत्या तेव्हा घटना वाढल्याचा पुरावा नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत तर त्या घटल्या होत्या.

"३० टक्के उत्तरं, म्हणून सगळं कचरा"

या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. उत्तरं कमी आली म्हणून अंदाज आपोआप चुकत नाही. उत्तर देणारे आणि न देणारे अत्याचाराच्या अनुभवाबाबतच वेगळे असतील, तर चुकतो. सैन्याची एक सोय अशी की न देणाऱ्यांचीही हुद्दा, वय, लिंग, दल ही माहिती दप्तरी असते. कनिष्ठ, तरुण सैनिक कमी उत्तरं देतात, म्हणून त्यांच्या उत्तरांना जास्त वजन दिलं जातं. २०१४ मध्ये सुमारे ५,६०,००० जणांना विचारलं, १,७०,००० हून अधिकांनी उत्तर दिलं. दप्तरात न दिसणारा फरक मात्र वजनाने निघत नाही, हे मान्य.

खरी गडबड प्रश्नाच्या शब्दांत होते. जुन्या प्रश्नावलीत सगळे प्रकार एका लांबलचक प्रश्नात कोंबले होते. नवीने कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पायऱ्या केल्या: आधी नेमकं काय घडलं, मग हेतू काय होता (लैंगिक सुख, की अपमान किंवा इजा), मग जबरदस्ती कशी झाली (बळ, धमकी, की समोरचा झोपेत वा बेशुद्ध). शेवटी घटना गेल्या बारा महिन्यांतलीच आहे ना, याची तारखेने खात्री. ही पायरी गाळली तर जुन्या आठवणी या वर्षात सरकतात आणि आकडा फुगतो. लैंगिक छळ हा अत्याचारापेक्षा वेगळा प्रकार; त्याचे प्रश्न वेगळे, त्याची कसोटीही वेगळी. अत्याचार आणि छळ यांचे आकडे एकत्र करून ओरडणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

म्हणूनच दोन वर्षांची तुलना करताना आधी प्रश्नावली पाहायची. २०२१ मध्ये पेंटॅगॉन पुन्हा जुन्या धर्तीच्या मोजमापाकडे वळलं. त्या वर्षी स्त्रियांमधलं प्रमाण ८.४ टक्के आलं, २०१८ मध्ये ते ६.२ होतं. ही दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्यांची मापं आहेत. २०२१ शेजारी २०२३ चे ६.८ टक्के ठेवता येतात, कारण त्यांची फूटपट्टी एकच.

"हा स्त्रियांचा प्रश्न"

प्रमाण स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त, यात शंका नाही. पण सैन्यात पुरुषच बहुसंख्य असल्याने २०१४ च्या नव्या प्रश्नावलीनुसार अत्याचार झालेले सुमारे १०,६०० पुरुष होते आणि ९,६०० स्त्रिया. पुरुष अशा प्रकारांना अनेकदा 'रॅगिंग' समजतात आणि तक्रारही कमी करतात. तक्रारींच्या यादीत सर्वात कमी दिसतात ते हेच.